सासूबाईंना पाणी मुद्दाम उशिरा दिलं, कन्फेशन झालं, तरी चैन पडत नाही

दळण_आणि_डबा:

जय ख्रिस्त सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, आत्तापर्यंत नुसती वाचत होते. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही वडगाव शेरीत राहतो, मूळचे श्रीरामपूरकडचे. घरात मी, मिस्टर, मुलगी दहावीला आणि सासूबाई. सासूबाईंना मागच्या ऑगस्टमध्ये पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. म्हणजे आवाज येतो पण शब्द सापडत नाही, काहीही हवं असलं की "ते, ते" करतात आणि आपल्याला कळलं नाही की चिडतात. मिस्टरांची कंपनी रांजणगावला, बस सकाळी सहाला चौकातून सुटते आणि संध्याकाळी नगर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी यायला साडेसात आठ वाजतात. मी एका शाळेच्या ऑफिसात होते ते जानेवारीत सोडलं. बाई ठेवून बघितली, दोन महिन्यात तीन बायका बदलल्या, आता मीच.

खरं सांगायचं तर या बाईने मला लग्नानंतर पहिली बारा वर्षं नीट बसू दिलं नाही. पाहुणे जेवायला बसले की माझी भाकरी हातात घेऊन उलटीपालटी करून बघायच्या आणि सगळ्यांदेखत म्हणायच्या, "शहाणी आहे हो, पण हाताला अजून पीठ ओळखत नाही." हे एकदा नाही, दर वेळी. मी काही बोलले नाही कधी. विसरले पण नाही.

आता जे झालं ते. मागच्या मंगळवारी दुपारी त्यांचं "ते ते" सुरू झालं. पाणी हवंय हे मला पहिल्याच "ते"ला कळलं होतं. ग्लास स्टुलावर होता, त्यांच्या डाव्या हातापासून वीतभर लांब. मी तिथेच खाली मेथी निवडत बसले होते आणि मी उठले नाही. घड्याळाकडे बघत बसले. दहा मिनिटं. त्यांची बोटं स्टुलाच्या कडेला लागत होती, ग्लासपर्यंत पोचत नव्हती, आणि मला डोळ्यासमोर ती भाकरी दिसत होती. मग उठून दिलं पाणी. त्या प्यायल्या आणि सवयीने डाव्या हाताने छातीवर क्रूस केला. वर भिंतीवर येशूचा तो लाल पांढऱ्या किरणांचा फोटो आहे, खाली "हे येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे" लिहिलेला. सगळं त्याच्यासमोर.

शनिवारी मुलीला घरी बसवून कन्फेशनला, म्हणजे फादरांसमोर पाप कबूल करायला गेले. फादर शांतपणे बोलले आणि प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया (मरियामातेची छोटी प्रार्थना) दिल्या. तीन! मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. घरी आले, दुसऱ्या दिवशी चादर बदलताना परत त्यांच्यावर ओरडले.

तर माझा प्रश्न असा की देवाची दया दया म्हणतात ती इतकी स्वस्त असते का? पवित्र जीवन वगैरे प्रवचनात ऐकते तेव्हा वाटतं हे सिस्टर लोकांसाठी असणार, ज्यांना सकाळी अर्धा तास शांत बसायला मिळतं. माझी तर जपमाळ चार महिन्यात एकदाही पाचव्या रहस्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या भागापर्यंत गेलेली नाही. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) दोनातून एकदा चुकते, त्याचंही मनात राहतं. आणि बायबलमधलं मत्तय २५ कृपया कोणी सांगू नका, येशूचं "मी तान्हेला होतो, तुम्ही मला प्यायला दिलं" मला पाठ आहे, त्यामुळेच झोप लागत नाहीये.

---

नगरी_मामा:

जय ख्रिस्त ताई. मी ६८ वर्षांचा आहे, रिटायर्ड मास्तर, घोरपडीला राहतो, आमचंही गाव तिकडचंच. लहानपणी हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला बैलगाडीतून जायचो, आजी गाडीत भाकरी बांधून घ्यायची. हे उगाच आठवलं, तुमच्या भाकरीवरून.

तुमच्या भिंतीवरचा तो फोटो जिच्यामुळे आला त्या बाईबद्दल सांगतो. संत फौस्तिना, पोलंडची, जन्म १९०५, गेली १९३८ साली, ३३ वर्षांची असताना. येशूने तसं चित्र काढायला सांगितलं ते २२ फेब्रुवारी १९३१ ला. लोकांना वाटतं ही दिवसभर ध्यान लावून बसत असेल. तसं काही नव्हतं हो, शिक्षण जेमतेम तीन वर्षांचं, मठात तिला कामं दिली ती स्वयंपाकघर, बाग आणि गेटवर बसायचं. प्रकृती नाजूक. नवशिकी असताना तिच्याकडे संध्याकाळी उकडलेल्या बटाट्यांचं पाणी निथळायचं काम आलं. भांडं मोठं, हिच्यात ताकद नाही, पाण्याबरोबर निम्मे बटाटेही सांडायचे. मग तिने काय केलं तर ती वेळ आली की तिथून सटकायला लागली, आणि बाकीच्यांच्या ते लक्षात आलं. म्हणजे संत झालेली बाईसुद्धा बटाटे टाळत होती! शेवटी देवाकडे कुरकुर केली की मला एवढं जमत नाही. तिने स्वतः लिहून ठेवलंय की आतून उत्तर मिळालं, आजपासून सोपं जाईल. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी धावली, भांडं आरामात उचललं, निथळलं, आणि वाफ जाऊ द्यायला झाकण काढलं तर आत बटाट्यांच्या जागी लाल गुलाबांचे गुच्छ दिसले.

गुलाब तुम्हाला दिसतील असं मी म्हणत नाही, मलाही कधी दिसले नाहीत. मला त्या गोष्टीत आवडतं ते एवढंच की तिने देवाला भांडं जड आहे हे सरळ सांगितलं, गोड प्रार्थना करत बसली नाही. तुम्ही देवाला कधी सांगितलंय का की मला ही बाई आवडत नाही? सांगून बघा. त्याला माहीतच आहे.

आणि त्या फोटोतला पांढरा किरण म्हणजे पाणी, लाल म्हणजे रक्त, क्रुसावर येशूची कूस भाल्याने भोसकली तेव्हा निघालेलं. पाण्यावरून आठवलं म्हणून सांगितलं.

---

नर्स_क्वार्टरगेट:

ताई आधी कामाचं बोलते मग देवाचं. मी २६ वर्षं नर्सिंग केलंय.

झटक्यानंतर बऱ्याच पेशंटना पातळ पदार्थ गिळायला त्रास होतो, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. तेव्हा पाणी देताना पूर्ण सरळ बसवूनच द्या, हनुवटी थोडी खाली, छोटे घोट, आणि ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारून पाणी घट्टसर करून द्या. म्हणजे स्टुलावर हाताच्या अंतरावर ग्लास ठेवणं तसंही बरोबर नाही, त्यांनी आडव्या पडून एकट्याने प्यायलं असतं तर वेगळंच काही झालं असतं. हे तुम्हाला माफी म्हणून सांगत नाहीये, काळजी म्हणून सांगतेय. दर दोन तासांनी कूस बदलताय ना? टाचा आणि माकडहाड रोज बघा, लाल दिसलं तर लगेच दाखवा.

दुसरं. ज्यांचे शब्द गेलेत त्यांना कधीकधी पाठ असलेलं मात्र येतं. आकडे, वार, गाणी, प्रार्थना. मेंदूत ते रोजच्या बोलण्यासारखं जुळवावं लागत नाही, एकदा सुरू झालं की आपोआप पुढे जातं. "पाणी" म्हणता न येणारे पेशंट अख्खं "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणताना मी स्वतः पाहिलेत. तुमच्या सासूबाईंनी आयुष्यभर माळ केली असणार. तुम्ही "नमो मरिये" सुरू करा, अर्ध्यावर थांबा, आणि दुसरं अर्ध त्यांना घ्यायला द्या. आलं तर आलं. पाचवं रहस्य वगैरे सोडा, एक दशक (दहा मणी) पण नको, एक मणी.

मिस्सा चुकते त्याचं. आजाऱ्याला सोडून जाता येत नसेल तर ते गंभीर कारणच आहे, ते पाप नाही. चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथातच आहे, क्रमांक २१८१, आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल ही उदाहरणं दिलीत. आणि पॅरिश ऑफिसला, म्हणजे आपल्या चर्चच्या ऑफिसला फोन करून सांगा की घरी कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) हवाय, फादर नाहीतर ख्रिस्तप्रसाद वाटणारे सेवक घरी येतात. सासूबाईंना आणि तुम्हाला दोघींना मिळेल. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (फादर तेल लावून प्रार्थना करतात तो संस्कार) झालाय का त्यांचा? तो मरणाच्या वेळचाच असतो असं समजून लोक थांबतात, तसं नाहीये.

---

स्पष्टच_बोलते:

सगळे इतकं छान छान लिहितायत म्हणून मी जरा वाईट लिहिते. मिस्टर कुठे आहेत या पोस्टमध्ये? रांजणगावच्या बसमध्ये, कळलं. रविवारी बस नसते ना? मग रविवारची मिस्सा तुमचीच का चुकते? आई त्यांची आहे. नणंद आहे का? असेल तर ती काय करते, व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगचा येशू पाठवते का?

आपल्याकडे पवित्र व्हायचा ठेका सुनेला दिलेला असतो आणि बाकीचे तिच्यासाठी प्रार्थना करतात. इतके महिने एकटी बाई डायपर बदलतेय आणि दहा मिनिटं चुकली तर ती दयेवर प्रश्न विचारतेय, आणि ज्यांनी दहा मिनिटं पण दिली नाहीत ते निवांत झोपतायत. चिडचिड ही सगळीच पापं नसतात हो, त्यातली निम्मी न झालेली झोप असते.

---

शिफ्टवाला_खराडी:

तीन नमो मरिया वाचून हसलो, सॉरी. माझा अनुभव सांगतो. मी नाईट शिफ्टला असतो, सपोर्टचं काम, कस्टमरवर नाही ओरडता येत म्हणून घरी येऊन बायकोवर ओरडतो. हे मी आठ वर्षं दर दोन महिन्यांनी कन्फेशनमध्ये सांगतोय. तेच पाप, तोच टोन, मला वाटतं फादरांना आवाजावरून कळत असेल की आला हा. एकदा लाज वाटून दुसऱ्या पॅरिशला गेलो, कॅम्पात, तर तिथेही तेच सांगावं लागलं कारण पाप तर तेच होतं.

तेव्हा त्या फादरांना मी तुमच्यासारखंच विचारलं होतं की हे स्वस्त नाही का. ते म्हणाले, स्वस्त नाही, किंमत भरलेली आहे, तू नाही भरलीस एवढंच. मग पोप फ्रान्सिसचं सांगितलं, पोप झाल्यावर पहिल्याच रविवारी, १७ मार्च २०१३ ला, ते खिडकीतून म्हणाले होते की देव क्षमा करायचा थकत नाही, आपण क्षमा मागायचे थकतो. मला ते तेव्हा पोस्टरवरचं वाक्य वाटलं. नंतर एकदा शिफ्टवरून येताना सिग्नलला कळलं की मी खरंच थकलोच होतो, म्हणजे ओरडायचा नाही, सांगायचा.

अजून एक, तीन का असा हिशोब करत बसू नका. संत इग्नेशियस लोयोलाला हाच आजार लागला होता, १५२२ च्या सुमाराला मानरेसा गावात, कन्फेशन झालं तरी परत वाटायचं काहीतरी राहिलं, परत कन्फेशन, परत तेच, जीव द्यावासा वाटण्यापर्यंत गेलं. शेवटी जुनी पापं उकरायचीच नाहीत असं ठरवलं तेव्हा सुटला.

---

पेठेतला_शेजारी:

मी ख्रिस्ती नाही, शनिवार पेठेत राहतो, स्नेहसदन या ख्रिस्ती केंद्रात व्याख्यानं ऐकायला जायचो त्यातून या विषयांची गोडी लागली. बोलू का नको असं झालं पण लिहितो. वरचं बटाट्याचं वाचून मला लगेच जनाबाई आठवली. आमच्या आजीच्या बोलण्यात विठोबा जनाबाईबरोबर दळायला बसायचा, शेण्या वेचायचा. आणि सावता माळ्याची गोष्ट अशी की तो पंढरीला न जाता मळ्यातच राहिला, देवच त्याच्याकडे गेला. लहानपणी मला वाटायचं देवाला दळता येत असेल का, पीठ जाडंभरडं येत असेल. ताईंचं नाव "दळण आणि डबा" बघून तर फारच वाटलं. चूक असेल तर डिलीट करतो.

---

धर्मशिक्षण_आधी:

शेजारी, डिलीट नका करू, पण एक सांगतो, गोष्ट सुंदर आहे तरी आपण दोन्ही एकच म्हणून मोकळं होऊ नये. असो, तो वेगळा धागा होईल.

मी ताईंना बोलणार आहे आणि कडक वाटेल. वर सगळ्यांनी तुमचा भार हलका करायचा प्रयत्न केला, झोप, थकवा, नवरा. तो सगळा खराच आहे. पण तुम्ही स्वतः जे लिहिलंय ते थकव्याचं नाही. ओरडणं थकव्याचं, ते दहा मिनिटं घड्याळाचं होतं. तुम्ही बदला घेतलात, आणि ते तुम्हाला कळतंय म्हणूनच तीन नमो मरिया टोचतायत. कोणी "चालतं हो" म्हणालं की तुम्हाला बरं वाटत नाही, बरोबर? कारण दया म्हणजे चालतं असं नव्हे. जे चालत नाही त्यालाच क्षमा लागते.

आता पुढचं. कन्फेशनमध्ये देवाची क्षमा मिळाली, पूर्ण मिळाली, त्यावर शंका घेऊ नका. पण ज्यांचं नुकसान केलं त्यांचं जमेल तेवढं भरून द्यायचं असतं, हेही त्याच संस्काराच्या शिकवणीत आहे. तुम्ही फादरांना सांगितलंत, देवाला सांगितलंत, आम्हा सगळ्या अनोळखी लोकांना सांगितलंत. सासूबाईंना सांगितलंत का?

आणि भाकरीचं. ते त्यांनी तुमच्याशी वाईट केलं. ते तुम्ही कन्फेशनमध्ये त्यांच्या वतीने सांगू शकत नाही. ते तुम्हाला सोडावं लागेल, आणि ते एका दिवसात सुटणार नाही, त्यासाठीच दयेच्या कृत्यांच्या यादीत तहानेल्याला पाणी वेगळं आणि अन्याय करणाऱ्याला क्षमा वेगळी लिहिलीय. पहिलं दहा मिनिटांत होतं.

---

स्पष्टच_बोलते:

@धर्मशिक्षण_आधी बाकी ठीक, पण सासूने पण कधी सॉरी म्हणायचं होतं की.

---

धर्मशिक्षण_आधी:

हो. आता त्यांना म्हणता येत नाही.

---

दळण_आणि_डबा:

बारा दिवसांनी लिहितेय, मधे मुलीच्या प्रिलिम होत्या. सगळ्यांचे आभार, प्रत्येकाचं दोन दोनदा वाचलं.

आधी साधं. पॅरिशला फोन केला, पहिल्या शुक्रवारी सेवक घरी आले, दोघींना कम्युनियन मिळालं. मिस्टरांना हा धागा दाखवला. ते "स्पष्टच बोलते" वाचून गप्प बसले, नंतर म्हणाले नणंदेच्या गुड मॉर्निंगचं हिला कसं कळलं. गेल्या रविवारी ते घरी थांबले आणि मी आठच्या मिस्सेला एकटी गेले, मिस्सा संपल्यावर दहा मिनिटं उगाच बाकावर बसून राहिले, कोणाचं काही धुवायचं नव्हतं. घरी आले तर आईचा डायपर उलटा लावलेला होता. असो.

नर्सताई, त्या गिळण्याचं दाखवलं, डॉक्टरांनी पण तेच सांगितलं. स्टूल लांब केलं.

आता ते. सॉरी म्हणायला मला पाच दिवस लागले. आंघोळ घालून पाठीला पावडर लावत होते, त्यांचं तोंड भिंतीकडे होतं म्हणून सोपं गेलं. म्हटलं, आई, त्या दिवशी पाणी मी मुद्दाम उशिरा दिलं. काही नाही. कळलं की नाही माहीत नाही. वळवलं तर माझ्याकडे बघितलं आणि "ते ते" सुरू केलं, मला वाटलं आता रडतील, तर त्यांना पावडरचा डबा बंद करायला हवा होता, सांडत होती. मला इतका राग आला की काय सांगू. आणि हसू पण.

नमो मरियाचं पण करून बघितलं, रोज संध्याकाळी. मी अर्ध म्हणायचे, त्या तोंड घट्ट मिटून घ्यायच्या, एकदा तर हात झटकला. सोडून दिलं.

मग परवा गुरुवारी दिवसभर लाईट नव्हती, संध्याकाळी आली आणि सातला परत गेली. मी अंधारात भाकरीचं पीठ मळत होते, मुलीने मोबाईलचा टॉर्च धरला होता. आतल्या खोलीतून आवाज आला. आधी वाटलं शेजारचा टीव्ही, मग लक्षात आलं लाईटच नाहीये. त्या स्वतःहून म्हणत होत्या. पहिलं अर्ध काही नाही, एकदम "पवित्र मरिये" पासून सुरू, शब्द चक्क स्वच्छ, बारा वर्षं ऐकलेला तोच करकरीत आवाज. आणि "आम्हा पाप्यांसाठी आता" पर्यंत आल्या आणि अडकल्या. "मरणाच्या वेळी" येईना. परत "पवित्र मरिये" पासून, परत "आता" ला अडकल्या. "आता... आता... आता..." चिडल्या, उशीवर हात आपटला, परत पहिल्यापासून. मुलगी म्हणाली मम्मी आजी बोलतेय. मी पिठाच्या हातानेच आत गेले आणि पुढचं म्हणणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला, बोटं चोळून बघितली, पीठ सैल झालं होतं, मलाही माहीत होतं, टॉर्चच्या उजेडात पाणी जास्त पडलं होतं. आणि तोंड असं केलं ना, तेच तोंड, पाहुण्यांसमोरचं.

मी म्हटलं, हो आई, पातळ झालंय.

बरं थांबते, त्यांची कूस बदलायची वेळ झाली.